सरांनी उतरवलेल्या विटा

अन्याय झाला तो सुखवतीवर. राहणार बरुआसागर, वय विचारलं तर "होयगी साठ-एक", काम दुसऱ्याच्या शेतात अदरक लावायचं आणि काढायचं. कधी झाला तेही लिहून ठेवते. या वर्षीच्या संक्रांतीच्या आदल्या गुरुवारी, सकाळी, वॉर्डाची फरशी फिनेलने पुसून अजून वाळली नव्हती तेव्हा. त्या वेळी तिच्या मोडलेल्या उजव्या पायाला ओढ देणाऱ्या दोन विटा सोडवून खाली ठेवण्यात आल्या. ज्या हातांनी त्या सोडवल्या ते हात डॉ. निगुडकर सरांचे.

झाशीच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मला सांगण्यात आलं, की सर निवृत्त होतायत, तू त्यांच्या हाताखाली इंटर्नशिप केलीस, तेव्हा चार गोड शब्द लिहून दे. गोड शब्द येतील. सर गोड आहेतच, अडचण तिथेच आहे. पण पहिलं वाक्य सुखवतीचं, कारण सत्काराच्या पत्रिकेत अध्यक्ष, उपाध्यक्ष, स्वागतगीत, अल्पोपाहार, सगळं आहे. तिचं नाव नाही.

निगुडकर सर झाशीतल्या मराठी माणसाला माहीत नाहीत असं होत नाही. रेल्वे कॉलनीत सायकलवरून पडलेलं पोर असो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये गॅलरीत घसरलेल्या मावशी असोत, पहिला फोन सरांना. माझा स्वतःचा डावा हात चौथीत त्यांनीच बसवला. आई अजून सांगते, "हिला रडायला वेळच नाही दिला त्यांनी." ते खरं आहे. सरांची पद्धतच ती. खांदा निखळलेला माणूस समोर बसला, की सर त्याचा हात हातात घेणार, जणू लग्नाच्या बोलण्यांना आलेत, आणि चौकशी सुरू करणार. बबीनाच्या लष्करी छावणीतून एक सुभेदार आले होते, व्हॉलीबॉल खेळताना खांदा निघालेला, घामाने थबथबलेले.

"सूबेदार साहब, एक बात बताइए. खीर किस मेस की अच्छी होती है, आपकी कि बगलवालों की?"

"सर, हमारी तो..."

आणि टक्. खांदा आत. सुभेदारांच्या तोंडात 'हमारी तो' तसंच राहिलं. सरांनी खिशातून भुईमुगाच्या शेंगा काढल्या, एकाच हाताने एक फोडली, दाणा अख्खा, टरफल अख्खं, आणि सुभेदारांच्या चांगल्या हातावर ठेवली. "लीजिए. अब पूरा कीजिए, किसकी?"

आम्ही पाच-सहा इंटर्न भिंतीला टेकून हे बघत होतो आणि आमच्या मनात एकच विचार, की देवा, असे हात दे. मी देवाला मानत नाही, तरी मागितले. पुढे कळलं, की गोड प्रश्न विचारायचा, माणूस उत्तराला लागला की ओढायचं, ही युक्ती सर फक्त खांद्यावर वापरत नाहीत.

आम्ही फिजिओथेरपीच्या मुली. शेवटचं वर्ष इस्पितळात काढायचं, त्यातले काही महिने हाडांच्या विभागात. इस्पितळाचं नाव लिहीत नाही. ट्रस्टचं आहे, आणि फाटकापासून जिन्यापर्यंत देणगीदारांच्या इतक्या संगमरवरी पाट्या आहेत, की त्या आडव्या टाकल्या असत्या तर जमिनीवर झोपणाऱ्या पेशंटांची सोय झाली असती. तिथे आमची किंमत काय, तर डॉक्टर आम्हाला 'एक्सरसाइज़वाली' म्हणायचे, पेशंटचे नातेवाईक 'मालिशवाली दीदी'. सर मात्र 'बेटा' म्हणायचे. सगळ्यांना. मला थोड्या दिवसांनी 'पत्रकबाई' म्हणू लागले, त्याचं कारण पुढे.

सरांचं घराणं कित्येक पिढ्या इथलं. "आमची मराठी आहे जुनी, पण तिला बाहेरची हवा नाही लागली," असं ते स्वतःच म्हणत. प्लास्टर करायच्या खोलीला ते माजघर म्हणायचे, पाण्याच्या बादलीला घंगाळ, आणि प्लास्टरला गिलावा. "अजून एक हात गिलावा दे, बेटा, कोपऱ्यात पातळ होऊन राहिला आहे." ओपीडीत रांग लागली की म्हणायचे, "ओटीवर किती मंडळी आहेत बघ जी." हाताच्या केसांत वाळलेलं प्लास्टर, थंडीत निळा बिनबाह्यांचा स्वेटर, उन्हाळ्यात तोच स्वेटर खुर्चीच्या पाठीवर. कोणावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. आणि कोणतीही गोष्ट नाही असं त्यांनी कधी म्हटलेलं ऐकलं नाही. नसलेल्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे एक शब्द होता: तूर्त. स्ट्रेचरचं चाक नाही? तूर्त तीन चाकांवर चालवा. एक्स-रे बघायचा दिवा बंद? तूर्त खिडकीला धरा. स्वतः सर बारा वर्षं 'तूर्त विभागप्रमुख' होते. कायम करायचं पत्र ट्रस्टच्या सेक्रेटरीसाहेबांच्या टेबलावर होतं म्हणे, तूर्त.

आता विटा.

मांडीचं हाड मोडलं, की मांडीचे मोठे स्नायू आखडतात आणि मोडलेली टोकं एकमेकांवर चढवतात. पाय आखूड होऊ लागतो. म्हणून गुडघ्याखाली हाडातून सळई घालायची, तिला दोरी बांधायची, दोरी खाटेच्या पायथ्याशी कप्पीवरून सोडायची आणि खाली वजन टांगायचं. वजन सतत राहिलं पाहिजे, हाड जुळेपर्यंत. हे वजन लोखंडी चकत्यांचं असतं, असं आमच्या पुस्तकात आहे. आमच्या वॉर्डात ते विटांचं होतं.

आणि त्या विटा आणायची एक रीत होती. विभागात नवी बॅच आली, की प्रत्येक मुलीने विटांची एक जोडी आणायची. सर पहिल्याच दिवशी समजावून सांगत, अगदी मन लावून. "अव्वल आणायची. पीला, म्हणजे कमी भाजलेली, वीट स्वस्त पडते, पण ती पाणी पिते. पावसाळ्यात पेशंटचं वजन वाढतं, उन्हाळ्यात कमी होतं. अव्वल म्हणजे टिचकी मारली की वाजली पाहिजे." मग वीट घासून धुवायची, फाटकाबाहेर भाजीवाल्या भैयाच्या काट्यावर तोलायची, पट्टीच्या कापडात शिवायची आणि वर मार्करने आपलं नाव आणि वजन लिहायचं. भाजीवाल्याला सवय झाली होती. आम्ही दिसताच त्याने टोमॅटो बाजूला सारले. "आ गईं नई डाक्टरनी. लाओ, रखो ईंट. इसमें धनिया फ्री नहीं मिलेगा."

अशी प्रत्येक खाटेखाली कोणी ना कोणी लटकत असायची. गरौठ्याच्या एका म्हाताऱ्याच्या पायाला पल्लवीदीदी टांगलेल्या होत्या. त्या आता दुबईत असतात. सर राउंडला म्हणायचे, "यांना जरा पल्लवी जास्त होऊन राहिली आहे. अर्चना लावा." सगळे हसायचे. मीही हसले. मग मला समजलं, की जी गोष्ट ट्रस्टने विकत घ्यायला हवी होती ती आम्ही रीत म्हणून, हसत, नाव घालून भेट देतोय. लाज वाटण्याजोगी गोष्ट सण करून साजरी केली, की तिची लाज वाटत नाही. हे सरांचं संशोधन.

वजनं विकत घेतलेली नव्हती असंही नाही. दुसऱ्या मजल्यावर प्रात्यक्षिकांची खोली आहे. तिच्यात काचेचं कपाट. कपाटात लोखंडी चकत्यांचे पूर्ण संच, रंग न उडालेले, मापाप्रमाणे रांगेत. कपाटाला कुलूप, किल्ली सेक्रेटरीसाहेबांकडे. मान्यता देणारी समिती येते तेव्हा तिला साहित्य दाखवावं लागतं. वापरलं तर घासलं जाईल, म्हणून ते वापरायचं नाही.

मी कॉलेजात असल्यापासून पत्रकं लिहिते. हे बघून गप्प बसणं जमलं नाही. हिंदीत पत्रक काढलं: मरीज़ की टाँग में ईंट, शीशे में वज़न. जिन्याच्या प्रत्येक पाटीवर एकेक चिकटवलं. दुपारी सरांनी बोलावलं. मला वाटलं, आता झाडणार. सरांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"शीर्षक छान जमलंय, बेटा. पण 'धिक्कार' तीनदा आलाय. एक पुरे. धिक्कार हा मिठासारखा."

"सर, पण चकत्या..."

"अगो, मुद्दा तर बरोबरच आहे. मी नाही कुठे म्हणतो? तुझ्या आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे?"

आणि मी आईचं गुडघ्याचं दुखणं सांगू लागले. पाच मिनिटांनी बाहेर आले तेव्हा सर स्वतः माझं पत्रक नोटीस बोर्डावर टाचणीने लावत होते, मधोमध, सरळ. "तूर्त इथे असू दे. सगळे वाचतील." सगळ्यांनी वाचलं. आठवड्याभरात त्याच्यावर भागवत सप्ताहाची सूचना लागली. विटा तिथेच होत्या. त्या दिवसापासून मी पत्रकबाई.

सुखवती आली ती थंडीत, ट्रॉलीवरून अदरकीचं पोतं उतरवताना खाली पडून. मांडीचं हाड मधोमध मोडलेलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तिचं हृदय तपासलं आणि ऑपरेशनला नको म्हटलं. म्हणजे वजन लावून हाड जुळू द्यायचं, हाच उपाय. सरांनी स्वतः सळई घातली, दोरी सोडली, आणि दोन अव्वल विटा निवडून टांगल्या. माझं काम तिचा व्यायाम घ्यायचं. पाय जागच्या जागी, फक्त पंजा वर-खाली करायचा आणि मांडी आवळून धरायची, म्हणजे रक्त साकळत नाही आणि पुढे गुडघा धरत नाही. इतकी मन लावून व्यायाम करणारी पेशंट मी दुसरी पाहिली नाही. मी वॉर्डात शिरले की लांबूनच पंजा हलवून दाखवायची. मला ती बिन्नू म्हणायची, म्हणजे पोरी. शेजारणीला सांगायची, "हमाई बिन्नू ने सिखाओ है. जित्ते बेर हिलाहो, उत्ते जल्दी घर जैहो."

मग समिती यायची ठरली.

आठ दिवस इस्पितळ न्हाऊन निघालं. पडदे आले, खाटांना नंबर आले, डस्टबिनला झाकणं आली. बुधवारी सेक्रेटरीसाहेब वॉर्डातून फिरले, खाटांखाली बघितलं आणि सरांना म्हणाले, "डॉक्टर साहब, ये ईंटें? फ़ोटो खिंचेगी."

मला वाटलं, आता कपाट उघडणार. साधा हिशोब होता, विटा काढा आणि चकत्या लावा. पण चकत्या कपाटातच दिसायला हव्या होत्या, कारण समितीच्या यादीत त्या प्रात्यक्षिकांच्या खोलीत होत्या. आणि विटा पायाला दिसायला नको होत्या, कारण त्या कुठल्याच यादीत नव्हत्या. तेव्हा ठरलं, की दोन्ही नको.

गुरुवारी सकाळी सर लवकर आले. हे काम त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, सिस्टरलाही नाही. स्वतः खाटेखाली वाकून प्रत्येक वीट आधी हातावर तोलून धरायचे, दोरी सैल करायचे, झटका बसू द्यायचे नाहीत. अन्याय इतक्या नाजूकपणे झालेला मी पहिल्यांदा बघितला. सुखवतीपाशी म्हणाले, "अम्मा, आज पाँव की छुट्टी."

"काय साब, ठीक हो गओ का?"

"अदरक इस बार कैसी है बरुआसागर में?"

ती अदरक सांगत राहिली. विटा गेल्या.

समिती आली. अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ सुखवतीच्या खाटेपाशी थांबले. त्यांना कप्पी दिसली, दोरी दिसली, दोरीच्या टोकाला काही दिसलं नाही. माणूस जाणता होता. "वेट कहाँ है इसका?"

सर क्षणभर थांबले. तेवढा एक क्षण मला आशा होती. मग त्यांनी माझ्याकडे हात केला. "एक्सरसाइज़ के लिए अभी उतारा है, सर. हमारी इंटर्न बहुत मेहनती हैं. अम्मा, दिखाओ."

आणि सुखवतीने लाजत, अभिमानाने, पंजा वर-खाली करून दाखवला.

"वेरी गुड," अध्यक्ष म्हणाले, आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मी तोंड उघडेपर्यंत सिस्टरनी मला कोपराने मागे सारलं होतं. दुपारी आम्ही मुलींनी पाण्याच्या बाटल्या भरून पायाला बांधल्या. संध्याकाळी त्या काढायला लावल्या आणि परत बांधायच्या नाहीत असं बजावलं, कारण समितीतले एक जण शुक्रवारी परत यायचे होते. शुक्रवारी समिती खूश होऊन गेली. त्या आनंदात ट्रस्टने शनिवारपासून संक्रांतीपर्यंत सगळ्या विद्यार्थ्यांना सुट्टी दिली, आणि सुट्टी म्हणजे सुट्टी, वॉर्डात कोणी इंटर्न फिरकायची नाही, असा निरोपही दिला. शुक्रवारी संध्याकाळी मी विटा शोधत खाली गेले. विटा फाटकापाशी होत्या. माळीकाकांनी त्या कापडासकट गेरू-चुना लावून, तिरक्या रोवून, झेंडूच्या वाफ्याभोवती कुंपण केलं होतं. एका विटेचा चुना नीट बसला नव्हता. त्यातून पल्लवीदीदी वाचता येत होत्या.

"काका, ये वार्ड की ईंटें हैं. मरीज़ों की."

"अब तो क्यारी की हैं, बिटिया. उखाड़ोगी तो सेक्रेटरी साहब हमें उखाड़ देंगे."

सरांकडे गेले. ते स्वेटर घालून निघायच्या बेतात होते. "तूर्त राहू दे, बेटा. संक्रांतीनंतर नवी बॅच येऊन राहिली आहे. नव्या विटा येतील. एवढ्यात काय होतं."

एवढ्यात काय होतं ते संक्रांतीनंतरच्या एक्स-रेत दिसलं. नव्या मुली नव्या, धुतलेल्या, नाव घातलेल्या विटा घेऊन आल्या होत्या, आणि सर तो एक्स-रे खिडकीला धरून बराच वेळ बघत होते. बाकीच्यांची हाडं जुळत आली होती, ती टिकली. सुखवतीचं हाड सरकलं होतं. जुळू लागलेलं हाड चुकीच्या जागी जुळत होतं. सरांनी पुन्हा ओढ लावली, वजन वाढवलं, रोज येऊन पाय मोजला, स्वतःच्या हातांनी जे जे करता येईल ते सगळं केलं. थोडं परत आलं, सगळं नाही. पाय आखूड राहणार हे नक्की झालं.

तिच्या जावयाने विचारलं, "साब, जे कैसे भओ?"

सरांनी सुखवतीच्या कपाळावर हात ठेवला. ज्या आवाजात ते खीर विचारत, त्याच आवाजात म्हणाले, "अम्मा, तुम हिलीं बहुत."

मी त्या दिवशी माजघरात त्यांना गाठलं. सर घंगाळात हात धूत होते. मी जे बोलले ते इथे छापता येणार नाही, मंडळाच्या स्मरणिकेत तरी नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"झालं बोलून? आता ऐक. दोष कुठे तरी ठेवावा लागतो, बेटा. ट्रस्टवर ठेवला तर सेक्रेटरी उद्या वॉर्डाला कुलूप लावतील. त्यांना तिथे दातांचा विभाग उघडायचाच आहे, त्यात कमाई आहे. मग गरौठ्याचा माणूस मोडका पाय घेऊन ग्वाल्हेरला जाईल? तिच्यावर ठेवला तर कोणाचं काही जात नाही. ती रागवणारही नाही."

"तिचं जातंय, सर."

"पाय तर गेलाच आहे थोडा. शब्दाने अजून काय जाणार आहे."

हे मी प्रामाणिकपणे लिहिते: मला त्या क्षणी उत्तर सुचलं नाही. वॉर्डाबद्दल सर खोटं बोलत नव्हते. त्यांनी हा वॉर्ड बारा वर्षं असाच, एकेका गिळलेल्या शब्दावर, उघडा ठेवला होता. त्या वॉर्डातून हजारो माणसं चालत गेली असतील. मी पत्रकं चिकटवली होती. पण उत्तर होतं, आणि ते दुसऱ्या दिवशी सुखवतीनेच दिलं. मी व्यायामाला गेले. तिने पंजा हलवला नाही.

"नईं बिन्नू. अब नईं. साब ने कई, हम हिले सो बिगर गओ."

मी समजावलं. शेजारणीने समजावलं. मी तिला सगळं सांगितलं, विटा, समिती, झेंडूचा वाफा. ती माझ्याकडे दयेने बघत राहिली, जशी आपण वेडगळ पण मायाळू मुलीकडे बघतो. "तुम हमाओ मन रखबे खों कै रईं. साब झूठ काय बोलहैं? उन्ने अपने हाथ से हमाई सेवा करी." आणि ती पाय लाकडासारखा ताठ ठेवून पडून राहिली, आठवडेच्या आठवडे, शहाण्या मुलीसारखी. हाड जुळलं. गुडघा धरला.

तर सर, शब्दाने काय जातं याचं उत्तर गुडघा. आखूड पायाला चप्पल उंच करता येते. न वाकणाऱ्या गुडघ्याने अदरकीच्या वाफ्यात उकिडवं बसता येत नाही, आणि उकिडवं बसता येत नसेल तर बरुआसागरात सुखवतीला काम नाही. हा गुडघा अजून सुटू शकतो. उशीर झालाय, दुखेल, पण रोज वाकवला तर सुटू शकतो. तो वाकवायला ती तयार नाही, कारण एका माणसाने तिला सांगितलंय की तू हललीस म्हणून बिघडलं. दुसऱ्या कोणाच्या सांगण्याने ते पुसलं जात नाही, कारण त्या माणसाइतकं गोड तिच्याशी आयुष्यात कोणी बोललेलं नाही.

सरांना मी हे तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, "सांगतो. पुढच्या तपासणीला येईल तेव्हा सांगतो."

ती तपासणी पाडव्यानंतर झाली. माझी इंटर्नशिप संपत आली होती. मी सरांना शेवटचं बघितलं ते त्या दिवशी, ओपीडीत. सुखवती काठी टेकत आली, जावई मागे. सरांनी तिच्यासाठी चप्पल तयार ठेवली होती. मोच्याकडून आणलेले चामड्याचे थर स्वतः कापून, एकावर एक चिकटवून, कडा काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलेल्या. पाठीमागे ओटीवर मंडळी खोळंबलेली, आणि विभागप्रमुख जमिनीवर मांडी घालून बसले. तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. चप्पल चढवली, काढली, टाचेपाशी एक थर कमी केला, परत चढवली. "खड़ी हो जाओ अम्मा. चलो. अब?"

ती चार पावलं चालली. लंगडणं कमी झालं होतं. गुडघा मात्र दांड्यासारखा. सरांनी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ते सांगणार असं मला दिसलं. त्यांचे ओठ हलले.

सुखवती तेवढ्यात काठी टाकून त्यांच्या पायांशी वाकायला गेली. वाकता आलं नाही, म्हणून तिने त्यांचे हात धरले. गोंद लागलेले. "साब, गलती हमाई हती. तुमने तो भौत करो. हमईं हिलत रए."

सरांनी हात सोडवून तिची काठी उचलून दिली.

"चाय पियोगी, अम्मा?" सर म्हणाले.

तिने चहा घेतला. बशीत ओतून, फुंकर घालून, आरामात. सर समोर बसून शेंगा फोडत राहिले आणि एकेक दाणा तिच्या हातावर ठेवत राहिले. मग ती नव्या चपलेने, ताठ गुडघ्याने, जावयाच्या खांद्यावर हात ठेवून निघाली. बसपर्यंत मी सोबत गेले. बसच्या पायऱ्या ती चढली नाही, तिला चढवावं लागलं.

आता तुम्हाला, मंडळाच्या सभासदांना. पुढच्या रविवारी तुम्ही सरांचा सत्कार करणार आहात. करा. त्यांनी तुमची हाडं बसवली, माझं बसवलं. हारतुऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. मागणी एवढीच आहे. बरुआसागर काही दूर नाही, आणि तुमच्यापैकी निम्म्यांकडे गाड्या आहेत. एक गाडी सकाळी पाठवा, सुखवतीला घेऊन या, पहिल्या रांगेत बसवा. सर मंचावर आले की शाल हातात घ्या, पण घडी मोडू नका. त्यांना सांगा, की सर, आधी खाली उतरा आणि या बाईंना हिंदीत दोन वाक्यं सांगा: अम्मा, तुम्हारी गलती नहीं थी, बोझ हमने उतारा था. अब घुटना मोड़ो.

ते हसून तुम्हाला तुमच्या मुलांचं विचारतील. उत्तर देऊ नका.